शेजारचे शब्द

"ताई, त्या दारावर काय लिहिलंय, तेवढं सांगता का?" शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं विचारलं आणि मी मान वर करून पाहिलं. पाटी चांगली मोठी होती, पांढऱ्यावर निळी. अक्षरं मला लख्ख दिसत होती. काने, मात्रा, वेलांट्या, सगळं जागच्या जागी होतं. फक्त ती मला काही सांगत नव्हती. इस्पितळाचा लांबलचक व्हरांडा, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, फिनेलचा वास, आणि त्यात मी, छापील कागदावर उभा जन्म काढलेली बाई, एका दारावरच्या पाटीपुढं थोबाडीत बसल्यासारखी गप्प. मग मी म्हटलं, "चष्मा घरी राहिला हो." ही थाप मी पूर्वी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकली होती, पोस्टात, बँकेत, रेशनच्या रांगेत, आणि दर वेळी मनातल्या मनात म्हटलं होतं, कळतं बरं मला. त्या बाईलाही कळलं असावं. ती हसली आणि म्हणाली, "माझापण घरीच आहे. जन्मापासून." मला हसू आलं. पुढं आम्ही दोघी त्या दाराकडे पाहत राहिलो. थोड्या वेळानं दार उघडलं आणि एक माणूस कोपर दुमडून, त्यात कापसाचा बोळा दाबून बाहेर आला. त्याच्यामागून एक मुलगी, तिचाही हात तसाच. "इथं रक्त घेतात," बाई म्हणाली. "मला छातीचा फोटो काढायचाय. म्हणजे ते पलीकडचं दार. तिथं बघा, बायका गळ्यातलं काढून नवऱ्याच्या हातात देतात आणि आत जातात." ती उठली, पदर सारखा केला आणि पलीकडच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिचं बरोबर होतं. मला मात्र तिचा हेवा वाटला, आणि एका निरक्षर बाईचा आपल्याला हेवा वाटतोय याचा राग आला, आणि मग त्या रागाचीच लाज वाटली. इतकं सगळं एका पाटीपायी.

मी आले होते ती माझ्या शब्दवालीकडे. हे नाव मीच ठेवलेलं. इस्पितळात मला पुन्हा वाचायला शिकवणारी, माझ्या लेकीच्या वयाची ही पोरगी मला समोर बसवते आणि चित्रांचे पत्ते मांडते. छत्रीच्या चित्राखाली एक शब्द, कुलपाच्या चित्राखाली एक शब्द. चित्र बघून 'छत्री' म्हटलं तर ती खूश होते, आणि मला वाटतं, अगं, छत्री मला दिसतेय, मी काय वाचलं त्यात? झालं ते छापखान्यातच झालं होतं, भर सकाळी. समोर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर घालायचा कागद होता, असले कागद मी रोज तपासायची. एका ओळीच्या मध्यावर शब्द बंद झाला. दिवा जातो तसं नाही, अंधार वगैरे काही झालं नाही. पुढचा शब्दही बंद, त्याच्या पुढचाही. मला आधी वाटलं, कुणीतरी परक्या लिपीतला कागद माझ्या टेबलावर ठेवून चेष्टा करतंय. बरं झालं, मी तिथल्या तिथं पेन खाली ठेवलं. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली एक बारीकशी नस थोड्या वेळासाठी तुंबली. हात वाचले, पाय वाचले, बोलणं वाचलं, वाचन तेवढं गेलं. बोलणं शाबूत राहिलं हे ऐकून आमच्या ह्यांनी सुस्कारा टाकला, तो सुटकेचा होता की दुसरा कसला ते मला अजून नक्की कळलेलं नाही. लिहिता मला येत होतं. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर मी माझं नाव झरझर लिहिलं, आणि त्यांनी तोच कागद जरा वेळानं पुढं केला तेव्हा ते कुणाचं नाव आहे ते मला सांगता येईना. मग हळूहळू थोडं परत आलं. 'आणि', 'पण', 'होता', 'गेला', असले ओळीत इकडून तिकडे पळणारे शब्द आधी आले. वस्तूंची नावं मात्र रुसून बसली. ओळ धरून चालावं तर दर दोन पावलांवर खड्डा. मालकांनी फोनवर सांगितलं, "खुर्ची तुमचीच आहे बाई, सावकाश या." सावकाश म्हणताना त्यांचा आवाज इतका मऊ झाला की मी समजले. पण खरं सांगायचं तर धास्ती खुर्चीची नव्हती. वाचता न येणारी मी कोण असते, हे मला ठाऊक नव्हतं. या बाईशी माझी कधी ओळखच झाली नव्हती, आणि आता तिच्याबरोबर म्हातारपण काढायचं म्हणजे काय करायचं, हे न सुचून मी दिवसभर त्याच त्या भांड्यांवरून पुसायचं फडकं फिरवत बसायची.

छापखान्यात मला कामाला लावलं ते मास्तरांनी. ते तिथले सर्वांत जुने मुद्रिततपासनीस. कधीकाळी शाळेत होते की नाही देव जाणे, पण सगळे मास्तरच म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी बांधणीच्या खात्यातून जाड पुठ्ठ्याचा तुकडा मागवला, ब्लेडनं त्याला मधोमध एक खिडकी पाडली, एक शब्द मावेल एवढीच, आणि तो पुठ्ठा माझ्या हातात दिला. "हा ओळीवर ठेवायचा. खिडकीत येईल तेवढाच शब्द बघायचा. मागं काय होतं, पुढं काय आहे, आपल्याला देणंघेणं नाही." मी तरुण होते, हुशारीचा वारा लागलेला होता. मी म्हटलं, "पण मास्तर, वाक्य कळल्याशिवाय?" ते म्हणाले, "वाक्य कळलं की डोळा झोपतो, पोरी. जे असायला हवं ते दिसायला लागतं, आणि जे आहे ते दिसत नाही. चुका सुटतात त्या अडाण्यांच्या हातून नाही सुटत, समजणाऱ्यांच्या हातून सुटतात." ते खरंच होतं. ती खिडकी ओळीवरून सरकवायला लागल्यापासून माझ्या हातून चूक सुटेनाशी झाली. शब्द एकेकटा समोर यायचा, मी त्याला नखशिखांत न्याहाळायची आणि जाऊ द्यायची. अंदाज हा शब्द आमच्या खोलीत शिवीसारखा वापरला जायचा. एकदा एका जाडजूड कादंबरीचं काम मास्तरांनी हातावेगळं केलं तेव्हा मी सहज विचारलं, "कशाबद्दल होती हो?" त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "शुद्ध होती." आम्ही त्यावर महिनाभर हसलो. पुढं मीही तशीच झाले. इतकी वर्षं इतकं वाचलं, पण कुणी विचारलं की बाई, त्यात काय होतं, तर मला सांगता यायचं नाही. पुठ्ठ्याच्या कडा अंगठ्यानं काळ्या गुळगुळीत झाल्या. मास्तर गेले, त्यांच्या जागी मी आले, आणि नव्या मुलींना मीही खिडक्या पाडून दिल्या.

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात, म्हणजे निवृत्त झाल्यावरही करतात, कारण आजूबाजूच्या इमारतींतली माणसं ह्यांना सोडत नाहीत. ह्यांचं वाचन हा आमच्या घरातला जुना तंटा. हे फुटपाथवरून रद्दीच्या भावानं पुस्तकं आणतात. कुणाला कव्हर नाही, कुणाची मधली पानं गळालेली, कुणाला शेवटच नाही. रहस्यकथा आणि तिला शेवट नाही! हे आरामात वाचतात, शेवटच्या पानाशी येतात, खिडकीबाहेर बघत बसतात आणि जेवताना जाहीर करतात, "डॉक्टरनं मारलं त्याला." एकदा मी हट्टानं तेच पुस्तक अख्खं शोधून आणलं. त्यात खुनी भलताच निघत होता. ह्यांनी ते वाचायला साफ नकार दिला. "राहू दे," म्हणाले, "माझा खुनी बरा आहे." एखादा अवघड शब्द आला की हे सरळ त्याच्यावरून उडी मारतात. लेक लहान असताना पुस्तक घेऊन यायची, "आई, ह्याचा अर्थ काय?" मी म्हणायची, शब्दकोश काढ. ती शब्दकोश काढायला उठायची तोवर हे तिला मांडीवर ओढून म्हणायचे, "पुढं जा, कळेल." आणि ती पुढं जायची. तिला कळायचंही, हे मला पटायचं नाही इतकंच. मी म्हणायची, "अहो, अशानं पोरीचा पाया कच्चा राहील." हे म्हणायचे, "पाया तू बघ, आम्ही वरचे मजले बघतो."

आजार झाल्यावर मी काय केलं असेल, तर तो पुठ्ठा काढला. दुसरं काय सुचणार. जन्मभर ज्यानं हात दिला तोच देईल, असं वाटलं. रोज दुपारी भांडी आवरली की वर्तमानपत्र पसरून बसायची आणि ओळीवर खिडकी ठेवायची. शब्द खिडकीत यायचा, एकटा, माझ्याकडे बघत, आणि मी त्याच्याकडे. आम्ही दोघं एकमेकांना ओळखत नसल्याचं स्पष्ट व्हायचं. मी त्याला नखशिखांत न्याहाळायची, हे अक्षर, तो काना, हा अनुस्वार, आणि सगळं गोळा करेपर्यंत पहिलं हातातून निसटायचं. डोकं भणभणायला लागायचं. जितका सराव करावा तितकं बिघडत चाललं होतं. शब्दवाली म्हणायची, "घरी काय करता?" मी म्हणायची, "सराव." कसला ते सांगितलं नाही, आपल्या धंद्याचं हत्यार कुणी परक्याला दाखवतं का? ह्यांनी मात्र बघितलं. एक दिवस चहाचा कप पुढ्यात ठेवत म्हणाले, "अगं, एखादा मजला बंद असतो बघ. पाटीवरचा दिवा गेलेला असतो, आकडा दिसत नाही. पण खालचा तिसरा नि वरचा पाचवा, म्हटल्यावर मधला कुठला? त्यासाठी दार फोडावं लागत नाही." मी म्हटलं, "वाचणं म्हणजे लिफ्ट नव्हे." माझा आवाज चढला होता. "तुमचं आयुष्य सगळं अंदाजपंचे गेलं म्हणून माझं जाणार नाही." हे पुन्हा वाकले. कप उचलून आत घेऊन गेले, आणि तो अजून भरलेला होता हे त्यांच्या तिथं जाऊन लक्षात आलं असावं, कारण तसेच परत आले आणि तो पुन्हा माझ्यापुढं ठेवला. मला रडू आलं. आजार झाल्यापासून मी पहिल्यांदा रडले ती अशी, गार होत चाललेल्या चहासमोर.

त्या दिवशी इस्पितळातून घरी आले तरी ती व्हरांड्यातली बाई डोक्यातून जाईना. मी पुठ्ठा काढला, वर्तमानपत्र पसरलं, खिडकी ठेवली. खिडकीत एक शब्द. बंद. मी त्याच्याकडे बघत बसले आणि एकदम लक्षात आलं की त्या बाईनं पाटीकडे पुन्हा म्हणून बघितलंच नव्हतं. मी पाटीकडे बघत होते, ती माणसांकडे बघत होती. कोण आत जातंय, कोण काय धरून बाहेर येतंय. पाटीच्या डोक्यावर बसून तिला बोलतं करायची धडपड मी केली, आणि ती नुसती शेजारी बसून राहिली. मी पुठ्ठा उचलला. त्याखालून ओळ निघाली, ओळीच्या वरची ओळ, खालची ओळ, अख्खं पान. इतकी गर्दी बघून मला जरा घाबरायलाच झालं. पुठ्ठा मी टाकून वगैरे दिला नाही, एवढ्या वर्षांची सोबत. कपाटातल्या साड्यांखाली ठेवून दिला. आणि वर्तमानपत्रही बाजूला सारलं, कारण त्यात जगाच्या भानगडी एकाशेजारी एक कोंबलेल्या असतात, या बातमीचा त्या बातमीला आधार नाही. ह्यांच्या ढिगातलं एक पुस्तक घेतलं. कव्हर नव्हतं. बरंच झालं, वाचायला एक गोष्ट कमी.

पहिल्याच ओळीत खड्डा आला. एका म्हाताऱ्यानं अमुक खांद्यावर टाकलं आणि तो अंधारातच घराबाहेर पडला. माझ्या डोळ्यांनी सवयीनं त्या अमुकवर ठाण मांडलं. इवलासा शब्द, लहान नावंच जास्त दगा देतात. मी स्वतःला दटावलं, पुढं जा. हे शब्द माझे नव्हते, ते ह्यांचे होते, पण ते मी स्वतःला माझ्याच आवाजात सांगितले. पुढं गार वारं होतं. म्हातारा खोकत होता. तो कशात तरी चढून बसला, कशात ते बंद, मी म्हटलं बैलगाडी असेल. मग त्यानं अमुक पसरलं आणि तो वाट बघत बसला. कांबळं, मी मनात म्हटलं. गारठा आहे, खोकला आहे, खांद्यावर टाकलं, मग पसरून बसला. कांबळंच. आणि काय सांगू, नुसतं 'कांबळं' म्हटल्याबरोबर म्हातारा मला दिसायला लागला, त्याच्या पाठीचा पोक, कांबळ्याचा ओला लोकरी वास. इतकी वर्षं इतकी पानं तपासली, पण असला वास कधी आला नव्हता. मी हावरटासारखी पुढं गेले. दर ओळीत दोनचार खड्डे होते. काही शेजारच्या शब्दांनी बुजवले, काही तसेच ओलांडले, आणि एखाददुसरा पानभर पुढं गेल्यावर मागच्या मागं आपोआप भरून आला. ऊन आलं तेव्हा अमुक दोरीवर वाळत घातलेलं होतं. माझ्या कांबळ्याला पुष्टी मिळाली. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याची बायको दारात बसून फाटलेलं अमुक सांधत होती आणि म्हणत होती, तुमच्या वडलांच्या वेळचं, अजून टिकलंय. मला त्या कांबळ्याची माया वाटायला लागली. शब्द मला अजूनही ओळख देत नव्हता, पण तो कुठं जातो, कुणाच्या खांद्यावर बसतो, कधी ओला होतो, कोण त्याची काळजी घेतं, हे सगळं मला माहीत झालं होतं. शेजाऱ्यांची आपल्याला असते तेवढी माहिती झाली होती, आणि कित्येक शेजाऱ्यांचं तरी आपल्याला नाव कुठं माहीत असतं? एक गोष्ट मात्र त्याच वेळी पक्की कळत होती. औषधाच्या कागदावर असलं वाचन चालणार नाही. तिथं एक चमचा म्हणजे एकच चमचा, शेजाऱ्यांना विचारून तो ठरत नाही. मालकांना हे मलाच सांगावं लागणार होतं, त्यांनी मऊ आवाज काढायच्या आधी. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या वाईट वाटण्याच्या आड म्हातारा उभा होता, आणि मला त्याचं पुढं काय झालं ते हवं होतं.

हे समोर पाटावर बसून इस्त्री उघडून बसले होते, स्क्रू बशीत काढून ठेवलेले. उन्हं उतरली होती पण दिवा लावायची वेळ झाली नव्हती. मी वाचत होते. पुस्तकात त्या दिवशी म्हातारा बराच वेळ वाट बघत बसला. मग त्यानं अमुक दोन्ही हातांनी ओढून वर घेतलं. जड लागलं. मी म्हटलं, दवानं भिजलं असणार. आणि मग पुढची ओळ आली: आत दोनच मासे तडफडत होते. 'मासे' हा शब्द मला बंद नव्हता. तो लख्ख उघडला, आणि मी थबकले. कांबळ्यात मासे? मी मागच्या ओळीवर गेले, पुन्हा पुढं आले. मासेच होते. तडफडतच होते. आणि मग माझ्या देखत कांबळं उसवायला लागलं. खांद्यावर टाकलं होतं ते थंडीसाठी नव्हतंच. पसरलं ते अंगाखाली नव्हतं, पाण्यात होतं. तो बसला ती बैलगाडी नव्हती, होडी होती. बायको दारात बसून सांधत होती ते, वडलांच्या वेळचं, उन्हात वाळायला टाकलेलं ते, मी पानं उलटी चाळत मागं मागं गेले आणि प्रत्येक ठिकाणी तो इवलासा शब्द उभा होता, आणि आता प्रत्येक ठिकाणी तो उघडा होता. अगदी पहिल्या ओळीपर्यंत. माझ्या अंगावर काटा आला. चूक सापडल्यावर येतो तो काटा मी चांगला ओळखते, तीस वर्षं त्याच्यावर जगले. फक्त ही चूक कागदावरची नव्हती, माझी होती. आणि ती कुठल्या खिडकीनं पकडून दिली नव्हती, पुढच्या वाक्यानं पकडून दिली होती. मास्तर असते तर मी त्यांना म्हटलं असतं, मास्तर, अर्थ लागला आणि डोळा उघडला बघा. ते काय म्हणाले असते कुणास ठाऊक. बहुधा म्हणाले असते, वाक्य शुद्ध आहे ना, मग झालं.

"कांबळं नाही," मी मोठ्यानं म्हटलं.

ह्यांनी इस्त्रीतून मान वर काढली नाही. "कुठलं कांबळं?"

"जाळं आहे हो. इतका वेळ मी म्हाताऱ्याला कांबळं देऊन बसले होते. कोळी आहे तो."

आता मात्र हे थांबले. स्क्रूड्रायव्हर तसाच हातात. माझ्याकडे बघितलं, मग पुस्तकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मला भीती वाटली की हे आता काहीतरी मोठं बोलणार आणि आम्हा दोघांची पंचाईत होणार. पण तीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतो. ह्यांनी तोंड मिटलं, एक स्क्रू उचलला, फुंकर मारून साफ केला आणि म्हणाले, "मग? लागले का मासे?"

"दोनच."

"हात्तिच्या. पुढं काय होतं?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. "अजून वाचतेय."

वाक्य तोंडातून निघून गेल्यावर ते मला ऐकू आलं. ह्यांनाही आलं असावं, कारण ते मान खाली घालून बराच वेळ तो एकच स्क्रू पिळत राहिले. मग म्हणाले, "शेवटची पानं नाहीत हं त्याला. आधीच सांगून ठेवतो."

"असू देत," मी म्हटलं आणि पान उलटलं.